भोंग्याची सुनावणी

घराघरांतले रेडिओ एकेक करून मुके झाले, तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी धंदा बदलला. आवाजाशी त्यांची जन्माची ओळख होती, म्हणून त्यांनी कानाची यंत्रं विकायचं ठरवलं. रीतसर शिक्षण घेतलं, बेकरीच्या वरची खोली भाड्याने घेतली, काचेच्या कपाटात यंत्रं मांडली आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसले.

खालून ताज्या पावाचा वास वर येई. माणूस मात्र एकही येत नसे. एकदा जिन्यात पावलं वाजली म्हणून ते लगबगीने उठले, तर आलेला माणूस दारातूनच म्हणाला, "रेडिओचे सेल ठेवता का हो अजून?"

दुपारी बायको डबा घेऊन आली, की दोघं तपासणीच्या खुर्च्यांवर बसून जेवत. खुर्च्यांचा तेवढाच उपयोग होत होता.

शेवटी बायकोचा धाकटा भाऊ मदतीला धावून आला. त्याने नुकताच मार्केटिंगचा कोर्स केला होता आणि अजून त्याला कुणी नोकरी दिली नव्हती. त्यामुळे त्याच्याकडे ज्ञान भरपूर होतं आणि वेळ त्याहून भरपूर.

"भावोजी, पहिला प्रश्न," तो बोट वर करून म्हणाला. "आपला ग्राहक कोण?"

"ज्याला ऐकू येत नाही तो."

"करेक्ट! मग त्याला तसं तोंडावर सांगा की! आडपडदा कशाला?"

त्याने बोर्ड रंगवून आणला. 'बहिरे आहात का? वर या!' अक्षरं एवढी मोठी, की चौकातूनही वाचता यावीत. परिणाम लगेच दिसला. लोक बोर्डापाशी थबकत, नकळत कानाला हात लावत, मग कुणी ओळखीचं बघतंय का म्हणून मागे-पुढे बघत आणि झटकन बेकरीत शिरत. आठवड्याने बेकरीवाला गरम बिस्किटांची पिशवी घेऊन वर आला.

"काय झकास बोर्ड लावलात! हल्ली माझा माल दुपारीच संपतो."

मेव्हणा खचला नाही. "म्हणजे लक्ष वेधलं जातंय," तो म्हणाला. "आता लोकांपर्यंत पोचायला हवं. आपण टेम्पोवर भोंगा लावून फिरवू."

"अरे, पण ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना भोंगा कसा ऐकू येणार?"

"म्हणून तर आवाज मोठा ठेवायचा, भावोजी!"

बायकोने कपाळाला हात लावला, पण धाकट्या भावाचा उत्साह मोडायचं तिच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो गल्लोगल्ली फिरला. 'बहिरे आहात का? वर या!' खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तासाभरातच जिना दणदणू लागला. रेडिओवाल्यांचा आनंद गगनात मावेना.

"या, या! बसा ना!"

"बसायला नाही आलो!" पुढची बाई कडाडली. तिच्या कडेवरचं बाळ टाहो फोडत होतं. "आत्ता कुठे डोळा लागला होता याचा!" तिच्यामागे व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या विद्यार्थिनीने दचकून तार तोडली होती. त्यांच्यामागे रात्रपाळी करून नुकताच झोपलेला पहारेकरी लुंगीवरच आला होता. खोली भरली, जिना भरला, आणि त्यातल्या प्रत्येकाचे कान ठणठणीत होते.

"दुकानात अशी माणसं येण्याला फुटफॉल म्हणतात," मेव्हणा कानात कुजबुजला.

"गप बस रे," त्याची ताई म्हणाली.

आरडाओरडा वाढला, तशी कुणीतरी सूचना केली की जजसाहेबांना बोलवा. जजसाहेब कोपऱ्यावरच्या घरात राहत. निवृत्त झाले होते, पण गल्लीतली भांडणं अजून त्यांच्यापुढेच चालत. ते काठी टेकत आले. मागून त्यांची बायको आली. जजसाहेब तपासणीच्या खुर्चीत ताठ बसले.

"एकेकाने बोला," ते म्हणाले. "आणि पुटपुटू नका. हल्ली सगळ्यांनाच पुटपुटायची सवय लागली आहे."

व्हायोलिनच्या बाई पुढे वाकून ओरडल्या, "भोंगा! आज सकाळी! तुमच्या घराखाली!"

"भोंगा?" जजसाहेबांनी भुवया उंचावल्या. "सकाळभर मी गॅलरीत पेपर वाचत होतो. रस्ता अगदी शांत होता. तक्रारीत तथ्य नाही. फेटाळली."

बाळसुद्धा रडायचं थांबलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. जजसाहेबांची बायको जवळच्या स्टुलावर मटकन बसली.

"अहो, टेम्पो आपल्या गॅलरीखालीच उभा होता," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"काय?"

आता मात्र मेव्हण्याला समोर ग्राहक दिसला. "साहेब, म्हणजे तुम्ही तर चक्क ब..." एवढं त्याच्या तोंडून निघतंय तोच ताईचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं.

रेडिओवाल्यांना त्या म्हाताऱ्या माणसाची दया आली. भरल्या खोलीत त्याला ते कसं सांगायचं? त्यांनी कपाटातून एक यंत्र काढलं आणि वाकून, मोठ्याने म्हणाले, "साहेब, निकाल देण्याआधी पुरावा तपासायला हवा. यातून नीट तपासता येईल."

पुरावा म्हटल्यावर जजसाहेब नाही म्हणू शकले नाहीत. त्यांनी कान पुढे केला. एव्हाना टेम्पो परतून खाली उभा होता. यंत्र बसवून रेडिओवाल्यांनी खिडकीतून हात केला आणि टेम्पोवाल्याने भोंगा सुरू केला.

'बहिरे आहात का? वर या!'

जजसाहेब खुर्चीतून उडालेच. "बंद करा! बंद करा ते! माणसं राहतात इथे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर ते टाळ्यांनाही दचकले. "निकाल फिरवतो," कपाळ पुसत ते म्हणाले. "भोंगा कायमचा बंद."

"चला आता घरी," बायको म्हणाली.

जजसाहेबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "तुझा घसा बसलाय?"

"आज नाही बसला. वर्षं झाली."

"कशाने?"

"तुमच्याशी बोलून."

कुणी हसलं नाही. जजसाहेब काठीची मूठ चोळत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, तू सदा रागावून बोलतेस."

रेडिओवाले उगाचच कपाटाची काच पुसू लागले. जजसाहेबांचा हात यंत्र काढायला कानाकडे गेला, पण मध्येच थांबला. "हा पुरावा मी घरी नेतो," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी दोन्ही कानांची रीतसर तपासणीही करून घेतली.

त्या सकाळी भांडायला आलेले लोक मात्र जिन्यात रेंगाळत होते. बाळाच्या आईने हळूच विचारलं, "माझे सासरे टीव्ही इतका मोठा लावतात, की शेजारी बातम्या ऐकतात. त्यांना आणू का?" पहारेकऱ्याला आपल्या कमी ऐकू येणाऱ्या आईची आठवण झाली. रेडिओवाले ऐकतच राहिले.

"ज्याला ऐकू येत नाही, त्याला ते कुठे कळतंय?" लोक गेल्यावर बायको म्हणाली. "कळतं ते ओरडून घसा फोडून घेणाऱ्यांना. तो मेला बोर्ड उतरवा आणि त्यांना बोलवा."

नवा बोर्ड लागला. 'घरात ओरडून बोलावं लागतं? त्यांना घेऊन या, चहा प्या.'

मेव्हणा बोर्डाकडे बघत राहिला. "ताई, घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा! कोर्समध्ये हा धडा होता. मी नेमका त्या दिवशी गैरहजर होतो."

लोक येऊ लागले. सुना सासऱ्यांना आणत, मुलगे आयांना आणत. त्यातले निम्मे जजसाहेबांनीच पाठवलेले असत. बेकरीत रांगेत उभे राहून ते स्वतःच्या कानावर बोट ठेवत आणि शेजारच्याला बजावत, "ऐकू न येणं हा गुन्हा नाही. घरच्यांचा घसा फोडणं हा आहे. वर जा."

महिन्याभराने ते स्वतः वर आले आणि खुर्चीत बसले.

"यंत्र फार चांगलं आहे," ते म्हणाले. "ही स्वयंपाकघरात काम करताना माझ्याबद्दल जे बोलते, तेही आता ऐकू येतं. मी इतका हट्टी आहे, याची मला कल्पना नव्हती."

"आवाज थोडा कमी करून देऊ का?" रेडिओवाल्यांनी विचारलं.

जजसाहेबांनी कानातल्या यंत्रावर हात ठेवला.

"राहू दे. तिची बाजू अजून संपलेली नाही."