पाइन होलोची घंटा

मित्रांनो, माझा जन्म एका गाईच्या गळ्यासाठी झाला. मैदान, सामने, टाळ्या यांतलं काहीही माझ्या नशिबात लिहिलेलं नव्हतं. पाइन होलो गावच्या लोहाराने पत्र्याचा तुकडा दुमडला, कडा ठोकून जोडल्या, आत चामड्याच्या वादीला लोखंडी जीभ टांगली, आणि मी झाले एक जाडजूड, बेसूर घंटा. चर्चच्या घंटेसारखा गोड आवाज मला नाही. गाय झाडीत हरवली तर सापडावी, एवढंच माझं काम.

माझी गाय तांबडी होती, नाव क्लोव्हर. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा मालकाच्या मुलीने, ओडेसाने, मला गोठ्यातल्या खिळ्याला टांगलं. मी तिथे बरीच वर्षं गंज खाल्ला. पुढे ओडेसाच्या नवऱ्याने माझ्या डोक्यावर सायकलच्या हँडलचा तुकडा जोडला आणि म्हणाला, "आता ही शुक्रवारच्या सामन्याला ने. गाय नाही तर नाही, पोरं तरी सापडतील."

तेव्हापासून मी शाळेच्या मैदानाची झाले. आमच्या मिसिसिपीत फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, अंगावर धडका घेण्याचा खेळ, आणि आमच्या गावात घंटेशिवाय तो होत नाही. नियम सोपा होता. पाहुण्यांकडे चेंडू असला की साऱ्या घंटांनी कान फोडायचे, म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकू जाऊ नये. चेंडू आपल्या पोरांकडे आला की ज्याने त्याने घंटेची जीभ मुठीत धरायची. कारण तेव्हा आपला क्वार्टरबॅक बोलत असतो. डाव तोच मांडतो, चेंडू त्याच्याच हातात येतो, त्याच्याच हाकेवर बाकीचे हलतात. ती हाक ऐकू गेली नाही की डाव मोडलाच.

मग आमचा क्वार्टरबॅक ट्रॅव्हिस हॅगूड याची वर्षं आली. त्याने फेकलेला चेंडू बघताना माणसांच्या माना दुखायच्या. त्याच्यामुळे गावाला एक खोड लागली. आपल्याकडे चेंडू असतानाही लोक तीन ठोके द्यायचे. ठण, ठण, ठण. म्हणजे "लांब फेक!" ट्रॅव्हिसचा आवाज बैलासारखा. तो आमच्या वरताण ओरडायचा आणि खरोखरच लांब फेकायचा. आम्ही राज्याचं अजिंक्यपद आणलं. मला लाल रंग मिळाला. वर्तमानपत्रात ओडेसाच्या फोटोत अर्धी मीही आले. खोटं का बोलू, मला ते आवडलं होतं.

ट्रॅव्हिस कॉलेजात गेला आणि त्याची जागा एझ्रा कोलियरला मिळाली. वय सोळा, अंगाने शेवग्याची शेंग. ओडेसाच्या समोरच्या घरात राहणारा, चर्चमध्ये गाणारा, आणि नेमका त्याच वर्षी आवाज फुटलेला. त्याच्या नावाची घोषणा झाली त्या आठवड्यात सारं गाव त्याच्या हातामागे लागलं.

"काय रे एझ्रा, हात कसा आहे?" पेंडीचं दुकान चालवणारा बडी मेकम विचारायचा.

"बरा आहे, मिस्टर बडी."

"बरा नको बाबा, ट्रॅव्हिससारखा हवा!"

रविवारी पाद्रीबुवांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, पावसासाठी केली आणि शेवटी एझ्राच्या उजव्या खांद्यासाठी केली. त्या दिवशी पोराने मान वर केली नाही.

ओडेसा सकाळी अंगणात येण्याआधी गुडघे टेकून रोजची प्रार्थना म्हणायची. तिचा तो नेम कधी चुकला नाही. एकदा ती उठून ओसरीवर आली तर एझ्रा पायरीवर बसलेला. मी तिथेच कठड्याला लटकत होते.

"मिस ओडेसा, मला लांब फेकता येत नाही असं नाही," तो म्हणाला. "पण मोकळा गडी जवळ उभा असताना लांब कशाला फेकू?"

"हे कोचला सांगितलंस?"

"कोचनेच शिकवलंय."

"मग गावाला सांग."

"गाव ऐकत नाही, मिस ओडेसा. गाव वाजवतं."

ओडेसाने त्याच्या हातावर मक्याचा गरम कॉर्नब्रेड ठेवला. पण मी पाहिलं, ती माझ्याकडे बघत होती.

पहिल्या सामन्यात तो जवळजवळच फेकत राहिला. चेंडू वीतवीत पुढे सरकत होता. गावाला वीत नको होती, आभाळ हवं होतं. तीन ठोके सुरू झाले. एझ्रा ओरडला, त्याचा फुटका आवाज मध्येच चिरकला, आणि चेंडू मागे देणाऱ्या पुढच्या गड्याला काही कळलंच नाही. त्याने भलत्याच वेळी चेंडू मागे सोडला. तो एझ्राच्या खांद्यावरून गेला आणि पाहुण्यांनी उचलला. सामना गेला.

"कान नाहीत का याला?" बडी ओरडला. "आम्ही काय सांगतोय!"

मित्रांनो, मी लोखंड आहे, पण त्या दिवशी माझा रंगच उतरला. पोराला कान होते. कान नव्हते ते आम्हाला.

आठवडाभर गावात एकच बोलणं. शाळेचे कारभारी कोच रॉलिन्सला भेटून आले. आणखी एक हार झाली की पोरगा खेळाबाहेर, बाकावर, असा निरोप तोंडोतोंडी गावभर फिरला. पुढचा सामना मिलर्स फोर्डशी होता, आमच्या जुन्या वैऱ्यांशी.

तो शुक्रवार आला. उकडलेल्या शेंगांचा वास, माणसांवर माणसं. ओडेसा नेहमीच्या जागी बसली, शेजारी बडी. पाहुण्यांकडे चेंडू होता तेव्हा तिने मला असं वाजवलं की माझी वादी तुटते की काय. आपल्याकडे चेंडू आला आणि तिने माझी जीभ मुठीत आवळली. बाकी सगळीकडे ठण, ठण, ठण.

सामना संपत आला तेव्हा आम्ही थोडक्याने मागे होतो आणि चेंडू आपल्याकडे होता. गोंगाट असा की शेजारच्याचं नाव ऐकू येईना. बडीने पाहिलं, मी गप्प.

"मिस ओडेसा, वाजवा ना!"

"आपलं पोर बोलतंय, बडी."

"म्हणून तर! द्या इकडे, मी वाजवतो." त्याने माझा दांडा धरून हिसका दिला.

ओडेसाची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. माझी कड तिच्या नखावर आपटली, नख काळं पडलं. पण मूठ सुटली नाही. "बडी मेकम," ती हळूच म्हणाली, "शाळेच्या स्वयंपाकघरातून तुला मी रोज जेवू घातलंय. ते खाऊन माझ्याशीच ताकद लावतोस?"

बडीने हात काढला. इतक्यात मैदानात काहीतरी वेगळं झालं. एझ्राने तळवे खाली करून सगळ्यांना शांत व्हायची खूण केली. कुणी ऐकलं नाही, उलट काहींनी हुर्यो उडवली. मग तो एकेका गड्याजवळ गेला, त्याच्या शिरस्त्राणाला आपलं शिरस्त्राण टेकवून काहीतरी बोलला, आणि परत येऊन आपल्या जागी उभा राहिला. तोंड मिटलेलं. त्याने फक्त टाच उचलली आणि टेकवली. चेंडू बरोबर त्याच्या हातात आला.

सगळं गाव ही खूण ओळखतं. वैऱ्याच्या मैदानावर लोक गोंगाट करून हाक बुडवतात, तेव्हाच ती वापरतात. घरच्या मैदानावर ती आजवर कुणी वापरली नव्हती.

"हे तर परगावी करतात," बडी पुटपुटला.

"हो," ओडेसा म्हणाली. "आज परगावचे आपणच झालो ना."

बडीने आपल्या घंटेकडे पाहिलं आणि तिची जीभ मुठीत धरली. त्याच्या मागची ओळ गप्प झाली, मग तिच्या मागची. कुणी कुणाला सांगितलं नाही. लाज वाऱ्यासारखी बाकांच्या पायऱ्या चढत गेली. मैदान इतकं शांत झालं की झेंड्याची दोरी खांबावर वाजलेली ऐकू आली.

एझ्राने वर पाहिलं. या वेळी टाच उचलली नाही. आणि हाक दिली. आवाज मध्येच चिरकला, पण शेवटच्या ओळीपर्यंत पोचला.

त्याने जवळ फेकला. पुन्हा जवळ. गडी धावत राहिले, चेंडू सरकत राहिला. शेवटच्या डावात त्याचा गडी चेंडू छातीशी धरून कोसळला तो शेवटच्या रेषेच्या हातभर अलीकडे. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

कुणी हललं नाही. कारभाऱ्यांपैकी एकजण कुंपणापाशी जाऊन कोचला काहीतरी म्हणाला. कोच रॉलिन्सने टोपी काढली, डोकं पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "पुढच्या शुक्रवारी हाच खेळणार. त्याच्याही पुढच्या शुक्रवारी हाच. नको असेल तर आधी मला काढा."

तेव्हा ओडेसा उठली आणि तिने मूठ उघडली. हरल्यावर आमच्याकडे घंटा वाजत नाहीत, ती पद्धतच नाही. तिने मला डोक्यावर धरलं आणि एकटीने वाजवलं. मी माझ्या साऱ्या बेसूरपणानिशी वाजले. माना वळल्या.

"मिस ओडेसा!" मैदानातून एझ्रा ओरडला. "हरलोय आपण!"

"ठाऊक आहे! कान आहेत मला!"

पोरगा हसला. पहिल्या सामन्यापासून तो हसलेला मी पाहिला नव्हता. बडीने खाली मान घातली, घसा खाकरला, आणि आपली घंटा एकदाच हलवली. ओशाळलेली, पण हलवली.

मित्रांनो, माझा लाल रंग आता उडालाय. मला पुसा, तेल लावा, माझी आठवण ठेवा, असलं काही मी मागणार नाही. गंज मला नवा नाही. पण मला हातात घेणार असाल तर एक ऐका. तुमचं माणूस आपली हाक देत असेल, आवाज चिरकत असेल, तुमच्या मनातला डाव सोडून तो स्वतःचा मांडत असेल, तेव्हा माझी जीभ घट्ट धरा. बोट चेंगरलं तरी धरा. आणि तो हरून परत आला, तर ती जीभ खुशाल सोडा. मी वाजेन.