केशरबाईच्या पाठीवरची बॅटरी

पाथर्डीकडून ऊसतोडीला येणाऱ्या केशरबाईच्या उजव्या मनगटात गेल्या हंगामापासून जोर राहिला नव्हता. कोयता मारला की बोटं आपोआप सुटायची. तिची भाची पंकजा आणि पंकजाचा नवरा कल्याण श्रीगोंद्यात सुटे सेल जोडून बॅटऱ्या बांधायचे. दोघांनी एकाच कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. पंकजानं मावशीसाठी ऊस कापायचं यंत्र तयार केलं. हातात लांब दांडा, टोकाला फिरतं पातं, आणि पाठीला सॅकसारखी अडकवायची बॅटरी. काम अडलं ते सेलपाशी. पातं उसाच्या बुडख्यात शिरलं की मोटर एकदम करंट ओढते. तो झटका सोसणारे सेल पंकजा ठरलेल्या एका पुरवठादाराकडूनच मागवायची, आणि नेमकं तेच पार्सल लांबलं. कारखान्याचा बॉयलर पेटला, तोडी सुरू झाल्या, तरी त्याचा पत्ता नव्हता.

पंकजा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेली, तेव्हा कल्याणनं दुसरीकडून सेल मागवले. लेबल त्याच ओळखीच्या कंपनीचं, वर पस्तीस अँपिअर छापलेलं. एक बल्ब लावून बघितला, तो चांगला तासन् तास जळला. त्यानं पॅक बांधला आणि केशरबाईला फडात नेऊन दिला.

पंकजा परतली त्या सकाळी टेबलावर चार-पाच सेल उरलेले होते. तिनं सहज एक उचलला, तळहातावर तोलला, मग ड्रॉवरमधला आपला जुना सेल दुसऱ्या हातात घेतला. नवा हलका लागत होता.

“हे कुठले?”

“आपलेच की. दुसऱ्या डीलरकडनं आणले. बल्बवर लावून बघितलेत मी, दमदार आहेत.”

“बल्ब घोट घोट पितो, कल्याण. मोटर घागर उपडी करते.”

तिनं सेलला मोठा लोड जोडला. व्होल्टेज धाडकन खाली आलं आणि बघता बघता सेल हातात धरवेना. तो गार झाल्यावर तिनं ब्लेडनं वरचं आवरण सोलायला घेतलं. आत दुसरं आवरण निघालं, मळकट हिरवं. टोकाला जुन्या वेल्डिंगचे डाग घासून काढलेले.

“कुठल्या तरी लॅपटॉपमधून काढलेत,” ती म्हणाली. “पॅक कुठंय?”

कल्याणचा चेहरा उतरला. “मावशी वापरतायत. परवापासून.”

गाडीवर दोघं फडाकडे निघाले. वाटेत पंकजा फोन लावत राहिली. मावशीचा लागेना, बजरंगकाकांचा नुसता वाजत राहिला. कल्याण गाडी दामटत होता. त्याच्यावर ओरडायला पुढं वेळ मिळणारच होता.

केशरबाई सरीत उभी राहून ऊस कापत होती. मागं तिचा नवरा बजरंग मोळ्या बांधत होता. भाचीला बघून तिनं यंत्र बंद केलं आणि तोंडभर हसली.

“पंके, लई भारी चीज केलीस गं. हाताला तरास न्हाई, आन् वरनं आयती कंबर शेकती.”

“शेकती म्हणजे?”

“बॅटरी तापती की. सकाळच्या थंडीत लई बरं वाटतंय. आता जरा जास्तच झालं म्हनून खाली वलं फडकं लावलंय बग.”

पंकजानं पट्टे सोडायला सुरुवात केली. केशरबाईनं तिचा हात धरला.

“आगं, येवढी सरी तर हुं दे. देऊन परत घेतीस व्हय?”

“मावशी, आधी काढ.”

बॅटरीचा डबा एका अंगानं फुगला होता. कल्याणनं तो पट्ट्याला धरून बांधाकडे पळवला, पण बांध गाठायच्या आधीच आतून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. त्यानं डबा लांब भिरकावला. पांढरा धूर, मग एकदम जाळ. आणि बाजूच्या वाळलेल्या पाचटानं पेट घेतला. बजरंगनं मोळी टाकून फावडं घेतलं. चौघं मिळून माती ओढत राहिले, पाचट उपसून मागं फेकत राहिले. फडाला आग लागली नाही. बांधाकडेचा एक पट्टा तेवढा काळा झाला. डबा मात्र मधेच विझल्यासारखा व्हायचा, पुन्हा तडतडायचा.

केशरबाई सरीत बसली. तिनं मागं हात नेऊन पाठ चाचपली. नंतर कोयता उचलला आणि राहिलेली सरी कापायला लागली. दर दोन-चार उसांनी कोयता हातातून निसटत होता.

“चूक माझी झाली, मावशी,” कल्याण म्हणाला.

“व्हय,” ती म्हणाली. “पानी प्या जावा.”

डीलरनं फोन उचलणं बंद केलं. खरे सेल आले तेव्हा कल्याणनं एकेक सेल वजन करून, आतला रेझिस्टन्स मोजून, लोड देऊन बघितला. जे एकमेकांशी जुळले तेवढेच घेतले. दोन थोडे वेगळे निघाले तर तेही बाजूला ठेवले. पंकजा म्हणाली, ते चालतील. तो म्हणाला, नकोत.

नवा पॅक घेऊन तो एकटाच फडात गेला. केशरबाईनं डब्याला हात लावला नाही. “आदी ह्येंच्या पाठीवर लावा,” ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. बजरंगनं मुकाट्यानं पट्टे चढवले आणि दुपारपर्यंत ऊस पाडला. मधून मधून ती येऊन त्याच्या पाठीवरचा डबा चाचपायची. कोमट होता, तेवढाच राहिला.

भाकरी खाऊन झाल्यावर बजरंग पुन्हा पट्टे अडकवायला लागला, तर ती म्हणाली, “सोडा आता. तुमी खाली बुडखं उंच ठिवताय. मला द्या इकडं.”