लाल पट्टीची पेनं

एकशे वीस विद्यार्थी आणि एकशे वीस संत! फॉर्म तपासता तपासता मी कपाळाला हात लावला. ‘दुसऱ्याची वस्तू परत करतो’: नेहमी. ‘चूक दिसली की तिथल्या तिथे बोलतो’: नेहमी. मी निघाले होते नैतिक जाणीव मोजायला, आणि मेल्या सगळ्यांनाच चाळीसपैकी चाळीस गुण!

“सगळे सारखेच निघाले तर तू मोजलंस काय?” माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या. “शुक्रवारपर्यंत काहीतरी फरक दाखव, नाहीतर प्रबंधावर माझी सही विसर.”

चार वर्षं पाण्यात! मी जिन्यात बसून चक्क रडले. तेवढ्यात स्टोअरचे काका हजर.

“ताई, फॉर्म भरायला नेलेली पेनं कुठायत? एकशे वीस. प्रत्येकाला मी स्वतः लाल पट्टी चिकटवलीय.”

खोका उघडून मोजली. एकेचाळीस.

“चोर लेकाचे!” काका कडाडले.

मी टुणकन उठले. “चोर काय म्हणता काका, फरक म्हणा, फरक! एकोणऐंशी संतांनी पेनं ढापली!” आणि त्यांचे दोन्ही हात धरून मी त्यांना गरागरा फिरवलं. “अहो ताई, सोडा, चष्मा पडेल!” असं ते ओरडत होते, पण ऐकतंय कोण!

शुक्रवारी मॅडमनी पेनांचा हिशेब वाचला आणि खो खो हसत सुटल्या. “वा गं पोरी, जिंकलीस!” म्हणत त्यांनी अंबाड्यात खोचलेलं पेन उपसलं.

पेनाला लाल पट्टी.

बोलले आणि सही राहिली तर? मी ओठ घट्ट मिटले. सही पूर्ण झाली, खाली तारीखही पडली. मग हळूच म्हणाले, “मॅडम, ते पेन...”

त्यांनी पट्टी पाहिली. “अगं बाई! तू फॉर्म भरून घेत होतीस, तेव्हा वर्गात डोकावले, तेव्हाच खोचलं असणार!” त्या लाजून लालबुंद झाल्या. अठ्ठ्याहत्तर संत आणि एक मॅडम! आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

डोळे पुसत त्यांनी विचारलं, “पण काय गं, तुला हे सहीच्या आधी दिसलं की नंतर?”

माझं हसू जागच्या जागी थांबलं. कान तापले.

“आधी,” मी म्हणाले.

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि एक कोरा फॉर्म पुढे सरकवला.

‘चूक दिसली की तिथल्या तिथे बोलतो.’ एकशे एकवीस फॉर्ममधलं पहिलं ‘कधीकधी’ मी लिहिलं, आणि पेन काकांना द्यायला धावत सुटले.