टिकटिक न करणारं चाक

दुसऱ्याने वाट लावलेलं काम उघडायची मला मनस्वी किळस आहे. उष्ट्या ताटात जेवायला बसल्यासारखं वाटतं. त्यात हे काम माझ्या धाकट्या भावाचं, म्हणजे तोंड आधीच कडू.

सायकल घेऊन आली होती दवाखान्यातली नर्सबाई, घरोघरी जाऊन पेशंट बघणारी. चार दिवसांपूर्वी चढावर उभं राहून पायडल मारताना मागच्या चाकातून 'कट्ट' आवाज आला, पायडल रिकामं फिरलं आणि बाई हँडलवर तोंडाने आपटल्या. पुढचा दात अर्धा गेला. दवाखान्याच्या आठही सायकली माझा भाऊ सांभाळतो. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, चूक तुझी निघाली तर सोमवारपासून कामावर येऊ नकोस.

"तुम्ही बघून चिठ्ठी लिहून द्या," बाई ओठावर रुमाल धरून म्हणाल्या. "तो काही बोलतच नाही. 'हब मी उघडणार नाही, ताईकडे न्या,' एवढंच म्हणाला."

"कसा बोलेल? स्वतःची घाण निस्तरायला मीच सापडते त्याला."

दोन वर्षांपूर्वी मी त्याला या दुकानातून हाकलला. थोरल्या बहिणीला गिऱ्हाइकासमोर अक्कल शिकवायला लागला होता. त्यानंतर त्याला मुलगी झाली. मी अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही.

या सायकलीचे तीन गिअर मागच्या चाकाच्या पोटात, हबमध्ये असतात. आवाज आला की लोक लगेच तिकडे बोट दाखवतात आणि बहुतेक वेळा चुकतात. म्हणून मी आधी साखळी पाहिली, पायडल हलवून पाहिले, गिअरची तार ताणून पाहिली. सगळं चोख. इतकं चोख की माझंच पित्त खवळलं. मग सायकल उलटी करून चाक हाताने फिरवलं. चांगलं हब मोकळं फिरताना टिकटिक करतं, कारण आतले नखाएवढे खटके दात्यांवरून उड्या मारत असतात. हे चाक गुपचूप फिरत होतं. सगळे त्या 'कट्ट'च्या मागे लागले होते, आणि जो आवाज यायला हवा तो येतच नव्हता.

हब उघडलं आणि मी मान फिरवली. शी! आत काठोकाठ ग्रीस ठासलेलं, कानातल्या मळासारखं, वर खवट तेलाचा दर्प. त्यात लोखंडाचा कीस. खटके त्या चिखलात मिटून बसले होते आणि त्यांचे केसाएवढे स्प्रिंग बिचारे कुठे ढकलणार? खटक्यांना पातळ तेलाचे चार थेंब पुरतात. घट्ट ग्रीस फक्त कडेच्या छर्ऱ्यांना.

"बघा बाई, बघा! ज्याने हे केलं त्याच्या हातात पाना सोडा, चमचासुद्धा देऊ नये. तुमचा दात याने घालवला. माझा सख्खा भाऊ, पण चिठ्ठीत स्पष्ट लिहिणार."

बाई नाकाला रुमाल लावून दाराकडे सरकल्या. मी रॉकेलच्या फडक्याने हबची आतली बाजू पुसायला घेतली. आमच्या बाबांची पद्धत होती, हब बंद करण्याआधी आत टोच्याने तारीख आणि आपली खूण कोरायची. भावाची खूण फुली. बाईंना ती दाखवायचीच होती मला.

ग्रीसखालून निघालं एक पान. देठासकट. पान माझी खूण.

तारीख दोन वर्षांपूर्वीची, दवाखान्याच्या सायकली माझ्याच दुकानात यायच्या तेव्हाची. त्या आठवड्यात हबमध्ये पाणी शिरतं म्हणून तीन गिऱ्हाइकांनी डोकं खाल्लं होतं, आणि मी शक्कल लढवली होती, आत ग्रीसच ठासू, पाणी शिरेलच कुठून! भाऊ बाजूला उभा होता. "ताई, खटके चिकटतील गं," एवढंच म्हणाला होता. गिऱ्हाइकासमोर.

बोटांना लागलेलं ते पिवळं मी बघत राहिले. पॉलिश पेपर हाताशीच होता. चार वेळा घासलं असतं तर पान गेलं असतं, आणि बाईंना हबमधलं काय कळतंय? हे माझ्या मनात आलं, याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आली. आणि त्याला तर ठाऊक होतं. हब कोणाच्या हातचं आहे ते ठाऊक असूनही दवाखान्यात तो गप्प बसला होता.

मी हात न धुताच चिठ्ठी लिहिली. कागदाला ग्रीसची बोटं लागली. बाईंनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली.

"हे डॉक्टरांना देते," त्या म्हणाल्या. "आणि त्याला काय सांगू?"

"सांगा, खटके चिकटले होते."