बेळगुंदीच्या परशराम आप्पांचा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. लाउडस्पीकरचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड पसरलेला. बेळगुंदीत परशराम आप्पांच्या गोठ्याच्या माळ्यावर मी आडवा पडून आहे. माझ्या तोंडात कोणीतरी फाटकं पोतं कोंबलं आहे. पण माझं रडगाणं राहू द्या. मला आप्पांविषयी सांगायचं आहे.

कुठल्याशा कारखान्यात पत्रा वळवून मला घडवलं आणि बेळगावातल्या एका दुकानात छताला टांगून ठेवलं. आप्पा तिथं आले होते लेकीच्या लग्नासाठी भाड्यानं कर्णा न्यायला. दुकानदाराशी त्यांनी कन्नडातून अशी काही थट्टा आरंभली की गिऱ्हाईकं खरेदी विसरून ऐकत राहिली. जाताना मात्र मला त्यांनी विकतच घेतलं आणि टेम्पोत मांडीवर घेऊन बसले.

त्यांच्या बायकोनं, अंबुबाईंनी, दारातच कपाळाला हात लावला. "लगीन एक दिसाचं. ह्यो बोंबल्या जल्माचा कशाला आणलासा?"

"अगं, घरात एक बोंबल्या हाय न्हवं? त्याला जोडीदार नको व्हय?" आप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून आम्ही जोडीदार झालो. बारसं असो, लग्न असो, कबड्डीचे सामने असोत, मला मागायला कोणीही यावं. आप्पांनी कधी भाडं घेतलं नाही. उलट माझ्यासोबत स्वतःही जायचे, माइक हातात धरायचे, आणि मग गाव पोट धरून हसायचं.

शेजारचा मष्णू आप्पांचा जिवलग. एकदा त्याची म्हैस चुकली. आप्पांनी माझ्यातून पुकारा केला, "मंडळी, मष्णूची म्हस सकाळधरनं गावंना झालीया. म्हशीची काळजी करू नगासा, ती शाणी हाय, आपसुक घरला येईल. पर मष्णू तिला हुडकाय गेलाय, त्यो चुकंल. दिसला तर तेवढा धरून आणा!" मष्णू आठवडाभर रुसला आणि त्यानंतर तीच गोष्ट स्वतःच रंगवून सांगू लागला.

नागुबाई नावाची एक विधवा बाई गावात होती. तिच्या लेकीच्या लग्नात पंगत बसली आणि भात संपला. बिचारी चुलाण्यामागं जाऊन रडू लागली. आप्पांनी आपल्या मुलाला, ज्योतिबाला, हळूच घरी तांदळाला पिटाळलं आणि माइक हातात घेतला. नव्या भाताला वाफ येईपर्यंत त्यांनी नवरदेवाला उखाण्यावर उखाणे घ्यायला लावले. एकही उखाणा पसंत करेनात! पंगत हसून हसून लोळली. भात कमी पडला होता हे वऱ्हाडाला आजवर ठाऊक नाही.

आणि रताळ्यांची काढणी! तिची तर मी वर्षभर वाट पाहायचो. काढणी संपली की आप्पा शेतातच निखाऱ्यांचा आर पेटवायचे, त्यात रताळ्यांचा ढीग लोटायचे आणि मला गाडीवर बांधून हाक द्यायचे. सारं गाव यायचं. पोळलेल्या बोटांनी सालं सोलायचं, आप्पांच्या नकला ऐकायचं, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या पदरात चार रताळी जास्तच पडायची.

मित्रांनो, आप्पांच्या कोपरीच्या खिशात तंबाखूची पिशवी असायची. निपाणीची कडक तंबाखू. आल्यागेल्याला त्यातली चिमूट मिळायची.

त्यांचा आवाज बदलला हे सगळ्यांत आधी मला जाणवलं. शब्दाच्या कडा घासल्यासारख्या येऊ लागल्या. लोक म्हणाले, मशीन जुनं झालं. आप्पाही हसून म्हणाले, "कर्ण्याला खोकला झालाय." असे कितीतरी महिने गेले. मग घासही उतरेना, तेव्हा ज्योतिबा त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

तिथं काय झालं ते ज्योतिबानं घराच्या सोप्यात बसून आईला सांगितलं, तेव्हा मी खुंटीवर होतो. डॉक्टर कन्नडात बोलले. आप्पांना कन्नड ज्योतिबापेक्षा चांगलं यायचं. तरी त्यांनी पोराकडं वळून विचारलं होतं, "काय म्हंत्यात रं?"

गळ्यात कर्करोग होता. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचण्याची आशा होती, पण आवाज कायमचा जाणार होता.

आप्पा तिथंच खांबाला टेकून ऐकत होते. मग म्हणाले, "आवाज गेल्यावर मागं ऱ्हायलेला त्यो म्हातारा कोन? माझ्या तरी वळखीचा न्हाय."

अंबुबाई त्यांच्यापुढं येऊन बसल्या. "मला वळख हाय त्याची," त्या म्हणाल्या. "मला माणूस पायजे. आवाज न्हाय पायजे."

आप्पा कबूल झाले. अंबुबाईंसाठीच झाले.

ते परत आले तेव्हा त्यांच्या गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढरी जाळी. श्वास तिथूनच जायचा-यायचा. पहिल्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक यायचे, बसायचे आणि आप्पांकडं बघत राहायचे. ते काहीतरी गमतीचं बोलतील याची त्यांना इतकी सवय होती की आपण काय बोलावं हे कोणालाच सुचायचं नाही. जन्मभर त्यांनी गावाला हसवलं होतं. त्यांना हसवायचं कसं, हे गावाला येत नव्हतं. मष्णू रोज यायचा, आप्पांच्या शेजारच्या पाटावर बसायचा. आप्पा बहिरे झाल्यासारखा मोठ्यानं ओरडून बोलायचा आणि ओरडता ओरडता रडायचा. पुढं तोही दाराबाहेरूनच हात करू लागला. मग तेही थांबलं.

काढणी आली. आप्पांनी आर पेटवला, रताळी लोटली आणि ज्योतिबाला खुणेनं मला गाडीवर बांधायला लावलं. ज्योतिबानं अंबुबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यानं मला बांधलं.

आप्पांनी माइक तोंडापाशी धरला. त्यांचे ओठ हलू लागले. माझ्यातून फक्त वारा बाहेर पडला. गळ्यातल्या भोकाची फसफस, मोठी होऊन, शिवारभर. ते थांबेनात. ओठ हलतच होते. दूर रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, "मशीन बिघडलंय ओ, बंद करा!"

अंबुबाईंनी उठून त्यांच्या हातातून माइक घेतला. त्या बाईनं जन्मात माझ्यातून एक शब्द काढला नव्हता. "रताळी भाजल्यात," त्या म्हणाल्या. "या की समदी."

काहीजण आले. उभ्याउभ्या खाल्लं, हात पुसले, गेले. बरीच रताळी आरात तशीच कोळसा झाली.

आजार पुन्हा उलटला. उन्हाळ्यात आप्पा गेले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा नात सौम्या म्हणाली, आजोबांचा आवाज सगळ्यांना ऐकवू. तिनं घरोघरचे मोबाइल, लग्नाच्या सीड्या सगळं धुंडाळलं. मोबाइलवर नुसते फोटो निघाले. सीड्यांतल्या सगळ्या लग्नांत आप्पा होते. माइक घेऊन उभे, ओठ हलताहेत, समोरची माणसं हसून वाकलेली. पण फोटोग्राफरनं सगळ्यांवर सिनेमाची गाणी चढवली होती. आप्पांचं एक वाक्यही कुठं मिळालं नाही.

शेवटी ती माळ्यावर आली आणि माझ्या तोंडाला कान लावून बसली. मित्रांनो, माझ्यातून आवाज जातो, माझ्यात राहत नाही. ती खाली उतरून गेली.

जत्रेआधी घर झाडतील, तेव्हा मी भंगारात जाईन. मला वाचवा असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतो, तुमच्या घरातलं हसवणारं माणूस एक दिवस गप्प होईल. त्या वेळी तुम्हाला काही बोलायला सुचणार नाही. न सुचलं तर न सुचो. पण उठून जाऊ नका. आप्पांच्या शेजारचा तो पाट शेवटपर्यंत रिकामाच राहिला.