पाठीचा ठसा

त्या राणीला पाय नव्हते, आणि त्याचं कुणाला काहीच वाटत नव्हतं. अंगात जाळीदार मण्यांचा घागरा, डोक्यावर पिसांचा भलाथोरला मुकुट, आणि घोट्यांच्या वरच तो कोरीव दगड संपलेला. खाली लोखंडी स्टँड, वर खास दिवा. ब्रिंकमानसाहेब तिच्यासमोर हात चोळत उभे होते. "माया लोकांची राणी," ते म्हणाले. "ग्वाटेमालाच्या जंगलातली. बाराशे वर्षांपूर्वीची!"

सन १९६६. मी जर्मनीत हायडेलबर्गला शिलाहारांच्या शिलालेखांवर पीएच.डी. करत होते आणि माझं श्टिपेंडियम, म्हणजे माझं खोलीभाडं, जेवण आणि पुस्तकं, ब्रिंकमानांच्या संस्थेकडून येत होतं. माणूस नळाच्या तोट्यांचा कारखानदार. घरामागे त्यांनी स्वतःचं म्युझियम बांधलं होतं. माझ्याकडचे शिलालेखांचे ठसे पाहून त्यांच्या डोक्यात आलं, की उद्घाटनाला राणीशेजारी तिचाही असाच काळाभोर ठसा टांगावा. ज्यांचं अन्न खात होते त्यांना नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मी कागद, ब्रश आणि शाईचा बोळा घेऊन गेले.

ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशने ठोकून खाचाखोचांत बसवायचा आणि सुकत आला की वरून बोळा टिपत न्यायचा. उंच भाग काळा उमटतो, खोलगट पांढरा राहतो, दगडाला शाईचा थेंबही लागत नाही. पुण्यात आमच्या सरांनी दोन गोष्टी अंगात भिनवल्या होत्या. ठसा दगडाच्या सगळ्या बाजूंचा घ्यायचा, कारण आमच्याकडे समोर मजकूर मावला नाही की बाजूला, पाठीला, जागा मिळेल तिथे कोरून ठेवलेला असतो. आणि घेतलेल्या ठशावर नंतर हात फिरवायचा नाही. एकाने पुसट अक्षर शाईने गिरवलं, तर सरांनी त्याला पुन्हा वर्गात घेतलं नाही. आम्हाला तेव्हा सर फार कडक वाटले होते.

समोरचा ठसा उमटला आणि त्यात सरळ पांढऱ्या रेघा निघाल्या. एक राणीच्या गळ्यातून, एक कमरेतून. डोळ्यांना त्या दिसत नव्हत्या, सिमेंटने बुजवून वरून रंग दिलेला होता. पण ओल्या कागदाला कोण फसवणार? बाई तुकडे करून पुन्हा चिकटवली होती. मी सवयीने कागद उचलून मागे गेले.

"मागे काही नाही, फ्रॉइलाइन सोहोनी," ब्रिंकमान म्हणाले.

"आमची पद्धत आहे," मी म्हटलं. ते हसले आणि फोन घ्यायला निघून गेले.

आखनला यंत्रांचं इंजिनिअरिंग करणारा माझा मित्र श्रीपाद त्या शनिवारी आला होता. मी पाठीचा ठसा खोलीत जमिनीवर पसरला. दगडभर अर्धगोल ओरखडे, एकाशेजारी एक, अगदी नेमके.

"मोटरची करवत," श्रीपाद लगेच म्हणाला. "गेनाऊ, अगदी नक्की. गोल पात्याची."

"जुनं काम नसेल?"

"बाराशे वर्षांपूर्वी मोटर होती का, मालिनी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लायब्ररीत मी वाचलं होतं, की हे दगड पुरुषभर उंच आणि चांगले जाड असतात, आणि पुष्कळदा त्यांच्या दोन्ही कडांवर लेख असतात. कोरलेली माणसं देव नसून खरेखुरे राजे नि राण्या आहेत, लेखांत त्यांचे जन्म आणि राज्यारोहण आहे, हे विद्वानांना नुकतंच कुठे उमगत होतं. अख्खा दगड जंगलातून ओढून नेणं जड जातं, म्हणून चोरांनी फणसाची साल काढावी तसा त्याचा चेहरा सोलून काढला होता. कडा फुटल्या, लेख गेला. एका बाईच्या आयुष्याच्या हकिकतीचा भुसा करून टाकला आणि दिवाणखान्यात शोभेल तेवढं तोंड ठेवलं. ह्याला म्हणे कलाप्रेम.

"आल्झो, तेव्हा तू गप्प बस," श्रीपाद म्हणाला. "एकच वर्ष राहिलंय तुझं. श्टिपेंडियम गेलं तर थीसिस अर्धा टाकून घरी जावं लागेल. आणि तू बोललीस म्हणून राणी परत जाणार आहे का?"

त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

सोमवारी मी ब्रिंकमानांना विचारलं, की पाय कुठे आहेत. "वाहतुकीत थोडंफार जातंच," ते म्हणाले. "तिथे सडली असती. मी तिला वाचवलं." मग समोरचा ठसा उजेडात धरून त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "एवढं शाईने भरून टाका. पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही. तुमच्या पुढच्या वर्षाच्या कागदांवरही मला सही करायचीय ना?"

सरांची आठवण झाली. "उद्घाटनाच्या दिवशी मी स्वतः टांगते," एवढंच मी म्हटलं. त्यांनी तो होकार समजला.

उद्घाटनाच्या रविवारी सकाळी मी दोन्ही ठसे टांगले. समोरचा रेघांसकट, आणि त्याच्या शेजारी पाठीचा. ब्रिंकमान आले ते पाहुण्यांना घेऊनच. त्यांचा चेहरा उतरला, पण चारचौघांत बोलणार काय?

आणि पाहुणे राणीला सोडून पाठीच्या ठशापुढे गोळा झाले. एक वयस्क बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "किती आधुनिक. ह्या रेषांची लय बघा."

ब्रिंकमानांच्या जिवात जीव आला. "आमच्या फ्रॉइलाइनची भारतीय पद्धत," ते म्हणाले.

"पण मूळ काम कुणाचं?" बाईंनी मला विचारलं.

मी ओरखड्यांवर बोट ठेवलं.

"नाव मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "ही राणीची पाठ आहे. मोटरच्या करवतीने कापलेली. कापणारा तिकडे जंगलात होता. ज्यांच्यासाठी कापली, ते तुमच्या शेजारी उभे आहेत."

माझं श्टिपेंडियम तिथेच संपलं, हे मला कळत होतं. बाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग त्या सावकाश दगडाकडे गेल्या आणि वळसा घालून त्याच्या मागे वाकल्या.

"मागे काही नाही," ब्रिंकमान म्हणाले. तोवर बाईंच्या मागे रांग लागली होती.