मॅग्नेटोची टक

जुन्या ट्रॅक्टरवाल्यांचं म्हणणं होतं, मिस्त्रींनी कान लावला की इंजिनाला खोटं बोलता येत नाही. आता कानच दगा द्यायला लागला होता आणि मिस्त्रींनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच. कान गेला की आपण नुसते तेलकट म्हातारे, असं त्यांचं पक्कं मत होतं.

त्या सकाळी शेडमध्ये त्यांच्याहूनही वयानं मोठा ट्रॅक्टर उभा होता. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो दुरुस्त करून बसवला होता, आता ठिणगीची वेळ जुळवायची होती. मिस्त्रींचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून इंजिन फिरवायचं हँडल बायकोकडे असे. तिनं ते हळू फिरवायचं. फ्लायव्हीलच्या जड चाकावरची खूण काट्यासमोर येताक्षणी मॅग्नेटोतली स्प्रिंग 'टक' करून सुटली पाहिजे. आधी सुटली, तर इंजिन उलटा झटका देतं.

खूण आली. मिस्त्रींनी डोळे मिटून मान डोलावली. ऐकू काहीच आलं नव्हतं.

"झालं," म्हणत त्यांनी अंदाजानं बोल्ट आवळले. "मार आता."

तिनं जोर लावला. इंजिन उलटं उसळलं आणि हँडल तिच्या मनगटाला चाटून गेलं. थोडक्यात हाड वाचलं.

मिस्त्री तिच्या मनगटाकडे बघत राहिले. स्वतःची ऐट सांभाळायला आपण हिचा हात पणाला लावला! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"अगं, मला ती टक ऐकूच येत नाही."

"वर्षभर घसा फोडून बोलतेय, ते काय हौस म्हणून?" ती मनगट चोळत ओरडली. "शेजाऱ्यांना वाटतं, आपण रोज भांडतो."

"मग टक तुला तरी ऐकू आली होती का?"

"आली ना, खुणेच्या बरीच आधी. पण तुम्ही 'झालं' म्हणालात." तिचा आवाज उतरला. "मला वाटलं, माणसांचं ऐकू येत नसलं तरी यंत्राचं येत असेल."

मिस्त्रींनी ओठांवरून ते शब्द वाचले. बोल्ट पुन्हा सैल केले. ती हँडल फिरवी, "आत्ता!" म्हणून ओरडे, आणि ते मॅग्नेटो किंचित सरकवत. तिचं 'आत्ता' आणि खूण एकदम जुळल्यावर त्यांनी बोल्ट आवळले.

"सरक. या वेळी मीच मारणार."

गुडघ्यांनी बोंब मारली, पण इंजिन धडधडत सुरू झालं. त्या गोंगाटात ती हसून काहीतरी म्हणाली. सवयीनं मिस्त्री मान डोलावणार होते. ते थांबले, कानामागे हात धरून तिच्याकडे वाकले.

"काय म्हणालीस? परत सांग."